जुन्या मुंबईचे बदलते मोल

1 सप्टेंबर 1940 ही तारीख शालेय इतिहासाच्या पुस्तकात आढळत नाही. तथापि काळबादेवी, भुलेश्वर, गिरगाव, पायधुनी आणि भेंडी बाजार या मुंबईच्या जुन्या वस्त्यांतील कुटुंबांचे जीवन या एका तारखेने जवळजवळ साठ वर्षे बांधून ठेवले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत माणसांचा लोंढा वाढला, घरे अपुरी पडली, भाडी भडकू लागली. त्यावर उपाय म्हणून 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने त्या दिवशी जे भाडे होते तेच ‘प्रमाण भाडे’ म्हणून गोठविले. तात्पुरता म्हणून केलेला हा कायदा वारंवार मुदतवाढ मिळत अर्धशतकाहून अधिक काळ टिकला. आज त्या वस्त्यांत जुन्या चाळी पाडून जे उंच मनोरे उभे राहत आहेत, त्यांचे मूळ शोधू गेल्यास आपण याच तारखेपाशी येऊन पोहोचतो.

हा विषय हिंगोलीसारख्या दूरच्या जिल्ह्यातील वाचकाने का वाचावा, असा प्रश्न कोणी विचारील. मराठवाड्यातील व्यापारी घराण्यांचा आणि त्या गल्ल्यांचा संबंध पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. पूर्णा आणि मनमाड येथे गाडी बदलत मुंबई गाठायची, सी. पी. टँकजवळच्या हिराबागेच्या धर्मशाळेत उतरायचे, मूळजी जेठा आणि मंगलदास मार्केटमध्ये कापडाची खरेदी करायची, झवेरी बाजारात सोन्याचा भाव विचारायचा आणि परत फिरायचे, हा मागील पिढीचा परिपाठ होता. त्यांतील काहींनी तेथेच पेढी थाटली, पागडी देऊन खोली घेतली, मुलांना शिकविले. आज हिंगोली, वसमत, कळमनुरी किंवा सेनगावच्या अनेक घरांत ‘मुंबईच्या काकांची खोली’ हा चर्चेचा, आणि पुष्कळदा चिंतेचा विषय असतो. बिल्डरचा माणूस संमतीपत्र घेऊन आला आहे, सही करावी की करू नये, हा प्रश्न गावाकडच्या दिवाणखान्यातही येऊन पोहोचला आहे.

पागडीचे अर्थशास्त्र

पागडी म्हणजे काय, हे जुन्या व्यापाऱ्यांना सांगावे लागत नाही. नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगतो. भाडे गोठल्यामुळे जागेची बाजारातील किंमत आणि कायदेशीर भाडे यांत प्रचंड अंतर पडले. ते अंतर एकरकमी रोख रकमेने भरून काढण्याची जी रीत पडली ती पागडी. 1947 च्या कायद्याने अशी रक्कम घेणे हा गुन्हा ठरविला होता. परिणामी हा सारा व्यवहार चिठ्ठीचपाटीवर आणि विश्वासावर चालला. भाडेकरूने खोली दुसऱ्याला देताना आलेल्या पागडीतील साधारण एक तृतीयांश वाटा घरमालकाला द्यावा आणि मालकाने नव्या माणसाच्या नावे भाडेपावती फाडावी, अशी रूढी पडली. 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 ने अशी रक्कम घेण्यादेण्यास मान्यता दिली आणि भाड्यात दरसाल चार टक्के वाढ करण्याची मुभा मालकाला दिली.

ही चार टक्के वाढ किती, याचा हिशेब करून पाहावा. 2000 साली ज्या खोलीचे भाडे 100 रुपये होते, तिचे भाडे चक्रवाढीने वाढवीत नेले तरी पंचवीस वर्षांनी ते सुमारे 267 रुपये होते. एवढ्या रकमेत आज एका दिवसाचा गवंडीही मिळत नाही. मालकाने दुरुस्ती का करावी, या प्रश्नाचे उत्तर या आकड्यातच आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1997 मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात गोठविलेले भाडे काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे नमूद केले होते. परंतु तोवर दोन पिढ्यांची दुरुस्ती राहून गेली होती. भाडेकरूला घर स्वस्त मिळाले हे खरे. त्याची किंमत भिंतींनी आणि तुळयांनी चुकविली.

बँकेच्या नोकरीत असताना या जागांची एक विचित्र अवस्था जवळून पाहता आली. बाजारात लाखो रुपयांची पागडी असलेले दुकान चालविणारा व्यापारी कर्जासाठी येई. परंतु ते दुकान तारण म्हणून घेणे अवघड असे, कारण मालकी त्याची नव्हती. त्याच्याजवळ होता तो वापरण्याचा हक्क. संपत्ती होती, पण ती कागदावर उतरत नव्हती. ज्या कुटुंबाने सारी कमाई अशा जागेत घातली, त्याची पत गल्लीत मोठी आणि बँकेत लहान राहिली. पुनर्विकासाचे खरे आकर्षण येथे आहे. पुनर्वसनात मिळणारी सदनिका सामान्यतः मालकी हक्काने मिळते, गहाण ठेवता येते, विकता येते. पन्नास वर्षे मृतवत असलेले भांडवल त्यामुळे जिवंत होते.

उपकरप्राप्त इमारतींचा प्रश्न

मालक दुरुस्ती करीत नाहीत आणि इमारती कोसळतात, हे ध्यानी आल्यावर शासनाने 1969 मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन केले. शहर भागातील जुन्या भाडेकरू इमारतींवर उपकर बसविण्यात आला. त्यातून मंडळाने दुरुस्ती करावी अशी योजना होती. अशा 19,642 इमारतींची नोंद झाली आणि त्यांतील 16,502 इमारती 1 सप्टेंबर 1940 पूर्वीच्या, म्हणजे ‘अ’ वर्गातील होत्या. पुढे हे मंडळ म्हाडाचा भाग झाले. लाकडी तुळयांच्या, चुन्याच्या भिंतींच्या या इमारतींना टेकू लावून उभे ठेवणे, यापलीकडे दुरुस्तीच्या तुटपुंज्या निधीतून फार काही साधले नाही. धोकादायक ठरलेल्या इमारतींतील कुटुंबे संक्रमण शिबिरांत गेली आणि त्यांतील कित्येक वर्षानुवर्षे तेथेच राहिली.

1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने वेगळा मार्ग काढला. नियम 33(7) अन्वये जुन्या रहिवाशांना विनामूल्य नवे घर द्यावे आणि त्या बदल्यात विकासकाला वाढीव चटई क्षेत्र मिळावे, असे सूत्र ठरले. सध्या किमान 300 चौरस फुटांचे घर देणे बंधनकारक आहे. संमतीची अट पूर्वी 70 टक्के रहिवाशांची होती. ती आता 51 टक्क्यांवर आली आहे.

या सूत्राचे अंतरंग व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले पाहिजे. एक हजार चौरस मीटरचा भूखंड घेऊ. तीन चटई क्षेत्र निर्देशांक धरल्यास तेथे 3,000 चौरस मीटर बांधता येते. इमारतीत साठ भाडेकरू असतील, तर प्रत्येकी 300 चौरस फूट म्हणजे सुमारे 27.88 चौरस मीटर, या हिशेबाने जवळजवळ 1,673 चौरस मीटर निव्वळ पुनर्वसनात जातात. भिंती, जिने, मार्गिका वेगळ्या. तेथेच तीस भाडेकरू असतील, तर हा आकडा निम्मा होतो आणि विक्रीसाठी उरणारी जागा कितीतरी वाढते. नियमात याहून अधिक सवलतींची तरतूद आहे, परंतु तत्त्व हेच. म्हणून ज्या इमारतीत माणसे थोडी आणि रस्ता रुंद, तिच्या दारी विकासकांची रांग लागते. आणि ज्या इमारतीत माणसे दाटीने राहतात, म्हणजे जेथे धोका सर्वाधिक, ती तशीच टेकूवर उभी राहते.

या अडचणीवर समूह पुनर्विकासाचा, म्हणजे नियम 33(9) चा उपाय पुढे आला. भेंडी बाजार हे त्याचे ठळक उदाहरण होय. दाऊदी बोहरा समाजाचे तत्कालीन धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांच्या प्रेरणेने 2009 मध्ये सैफी बुऱ्हानी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन झाला. साडेसोळा एकरांवरील सुमारे 250 इमारती, 3,200 कुटुंबे आणि 1,250 दुकाने एकत्र आणून संपूर्ण वस्तीच नव्याने वसविण्याचे काम त्याने अंगावर घेतले. पहिले दोन मनोरे 2020 मध्ये पूर्ण झाले. दिरंगाईची किंमत काय असते हेही याच परिसराने पाहिले: 31 ऑगस्ट 2017 रोजी पाकमोडिया स्ट्रीटवरील हुसैनी इमारत कोसळली आणि 33 जणांचे प्राण गेले. एक व्यापारी समाज विश्वस्त संस्था उभारून आपल्याच माणसांचे पुनर्वसन त्याच जागी करू शकतो, ही गोष्ट इतर व्यापारी समाजांनी अभ्यासण्यासारखी आहे.

गिरणगावाचा धडा

लंडनमधील कामगारवस्त्यांत मध्यमवर्गीय येऊन जुनी घरे विकत घेऊ लागले आणि मूळचे रहिवासी हटत गेले, हे पाहून समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी 1964 मध्ये या प्रक्रियेस ‘जेंट्रिफिकेशन’ हे नाव दिले. मराठीत आपण तिला वस्तीचे श्रीमंतीकरण म्हणू. मुंबईत तिचे सर्वांत ठसठशीत रूप परळ, लालबाग, वरळी या गिरणगावात दिसले. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यातून गिरणी उद्योग पुन्हा उभा राहू शकला नाही. 58 गिरण्यांची सुमारे 600 एकर जमीन मोकळी होण्याच्या मार्गावर आली. 1991 च्या नियमाप्रमाणे तिचे तीन वाटे व्हायचे होते: एक मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी आणि एक मालकाला. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या रिकाम्या जमिनीपुरती मर्यादित केली आणि मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. फिनिक्स मिलच्या जागी आलिशान मॉल उभा राहिला.

तेथील कामगाराला कोणी बळाने हुसकले असे प्रत्येक ठिकाणी घडले नाही. वस्ती महाग झाली. खानावळ गेली, तेथे उपाहारगृह आले; किराणा दुकान गेले, तेथे शोरूम आले. मुलांची लग्ने झाली, खोली अपुरी पडली, ती विकून डोंबिवली, विरार, बदलापूर गाठणे शहाणपणाचे ठरले. प्रत्येक कुटुंबाने स्वतःपुरता योग्य हिशेब केला, आणि त्या साऱ्या हिशेबांच्या बेरजेत एक संपूर्ण वस्ती नाहीशी झाली. याच्या दुसऱ्या बाजूस बीडीडी चाळींचे उदाहरण ठेवता येईल. 1920 च्या दशकात बांधलेल्या या चाळींत 160 चौरस फुटांच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबांना शासनाच्या योजनेत 500 चौरस फुटांचे घर मिळावयाचे असून, वरळीतील पहिल्या 556 घरांच्या चाव्या ऑगस्ट 2025 मध्ये देण्यात आल्या. तेथील रहिवासी आपल्याच जागी राहिला. आता त्या उंच इमारतीचा देखभाल खर्च तो कसा पेलतो, यावर पुढची पिढी तेथे राहील की नाही हे ठरेल.

व्यापार आधी हलतो

घरांच्या आधी व्यापार हलतो, हा जुन्या वस्त्यांचा आणखी एक नियम. मशीद बंदरचा धान्याचा व मसाल्याचा घाऊक बाजार वाशीला गेला, लोखंडाचा बाजार कळंबोलीला गेला. आपल्या वसमत-हिंगोलीची हळद ज्या गोदामांत उतरत असे, तेथे आज वेगळाच धंदा चालतो. ऑपेरा हाऊसच्या पंचरत्न इमारतीभोवतीचा हिऱ्यांचा व्यवहार 2010 नंतर वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्सकडे वळला, आणि डिसेंबर 2023 मध्ये सुरतेतही भव्य बोर्स उघडले. पेढी हलली की तिच्याजवळ राहण्याचे कारण संपते. जुनी खोली मग राहण्याची जागा न उरता भाव वाढण्याची वाट पाहणारी गुंतवणूक होते. याउलट भुयारी मेट्रोची काळबादेवी आणि गिरगाव ही स्थानके झाल्याने त्याच गल्ल्यांकडे आता नव्या धनिकांची नजर वळली आहे.

येथे आपल्या समाजाने स्वतःकडेही तटस्थपणे पाहावे. आपण या बदलाच्या दोन्ही बाजूंना आहोत. एकीकडे पागडीच्या दुकानात आयुष्य काढलेला, मनोऱ्याच्या देखभाल खर्चाने धास्तावलेला वृद्ध व्यापारी आपला आहे. दुसरीकडे त्याच मनोऱ्यातील विक्रीच्या सदनिका घेणारा खरेदीदारही पुष्कळदा आपल्यासारख्याच व्यापारी घराण्यातील असतो. पायधुनीचे दोनशे वर्षांहून जुने गोडीजी देरासर, शेजारच्या पाठशाळा, धर्मशाळा यांमुळे त्याला तेथे राहावेसे वाटते, हे स्वाभाविक आहे. मात्र गिरगावातील जुना मराठी रहिवासी जेव्हा म्हणतो की, नव्या इमारतीत आम्हांला परके वाटते, आमच्या ताटावरून आमची पारख होते, तेव्हा ते बोलणे कान देऊन ऐकले पाहिजे. आपला आहार आपण कसोशीने पाळावा. त्यासाठी शेजाऱ्याला घर नाकारण्याची गरज नाही. ज्या चाळींनी आपल्या पूर्वजांना खोली दिली, त्यांत सर्व जातिधर्मांची माणसे एकाच नळावर पाणी भरीत होती.

सही करण्यापूर्वी

ज्या कुटुंबांपुढे पुनर्विकासाचा प्रस्ताव आहे, त्यांनी काही बाबी तपासून घ्याव्यात.

पहिली बाब भाडेपावतीवरील नावाची. खोली आजोबांच्या नावे, राहतो एक भाऊ, दुसरे दोघे गावी, बहिणी सासरी, अशी स्थिती घरोघरी आढळते. भाडेकरूच्या मृत्यूसमयी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबीय, आणि दुकान असल्यास तेथे त्याच्यासोबत व्यवसाय करणारा कुटुंबीय, यांना कायद्याने प्रथम हक्क दिला आहे. तसा कोणी नसेल तर वारसांनी आपसात ठरवावे, अन्यथा न्यायालय ठरविते. भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये जुन्या कायद्याखाली स्पष्ट केले आहे. म्हणून वडीलधाऱ्यांनी केवळ मृत्युपत्रावर विसंबून राहू नये. भावंडांत समझोता करावयाचा तो खोलीचा भाव कोटीत जाण्यापूर्वी, आणि लेखी करावा. बहिणींना त्या चर्चेत बसवावे; पुढील कज्जे त्यामुळेच टळतात.

दुसरी बाब दुकानदारांसाठी. राहत्या जागेला किमान क्षेत्राची हमी आहे. दुकानाला जुन्या क्षेत्राइतकेच क्षेत्र मिळते. आणि दुकानाचे मोल केवळ चौरस फुटांत नसते. रस्त्यावर उघडणारे, कोपऱ्यावरचे दुकान मागील बाजूस किंवा वरच्या मजल्यावर गेले, तर क्षेत्र तेच राहूनही धंदा अर्धा होतो. नवीन नकाशात दुकान नेमके कोठे, दर्शनी रुंदी किती, बांधकामाच्या काळात पर्यायी दुकान कोठे, हे करारात नकाशासह नमूद असावे.

तिसरी बाब संस्थेच्या स्वरूपाची. एक कोटी रुपये किंवा अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्यांना, तसेच बँकांना, 1999 च्या कायद्याचे संरक्षण नाही. पिढीजात पेढीचे कंपनीत रूपांतर करताना जुन्या भाड्याची जागा त्या कंपनीच्या नावे करण्यापूर्वी या तरतुदीचा विचार व्हावा.

चौथी बाब कराराची. महारेराचे कवच प्रामुख्याने नवी सदनिका विकत घेणाऱ्यासाठी आहे. पुनर्वसन होणाऱ्या भाडेकरूचा खरा आधार म्हणजे कायमस्वरूपी पर्यायी जागेचा नोंदणीकृत करार. घर रिकामे करण्यापूर्वी तो नोंदवून घ्यावा. संक्रमण काळातील भाडे किती महिन्यांचे आगाऊ, विलंब झाल्यास काय, बँक हमी आहे का, हे प्रश्न संकोच न करता विचारावेत. विकासकाने मध्येच काम सोडल्याने भाडे थांबले आणि घरही नाही, अशा दुहेरी पेचात सापडलेली कुटुंबे मुंबईत थोडी नाहीत.

पाचवी बाब नंतरच्या खर्चाची. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर 2022 मध्ये माफ झाला, तरी उद्वाहन, पंप, सुरक्षा, अग्निशमन यांचा मासिक खर्च उरतोच. ज्यांनी आयुष्यभर दोन-तीनशे रुपये भाडे भरले, त्यांना तो दरमहा हजारांत द्यावा लागतो. विकासकाकडून मिळणारा कॉर्पस निधी यासाठीच राखून ठेवावा. तो लग्नकार्यात किंवा धंद्याच्या उलाढालीत घालू नये. भाडेहक्क सोडून रोख मोबदला घेणार असाल, तर तो भांडवली नफा ठरतो. आपल्या सनदी लेखापालांचा सल्ला आधी घ्यावा.

आपल्या गावाकडे

मराठवाड्यात 1999 पूर्वी हैदराबाद राज्याचा 1954 चा घरभाडे कायदा लागू होता. आता सर्व राज्याला एकच कायदा आहे. 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा झाला, कार्यालये आली, अकोला-नांदेड महामार्ग रुंदावला आणि वस्ती गावाबाहेर सरकू लागली. जुन्या पेठेतील वाडे, खाली दुकान आणि वर घर अशा इमारती, एका आजोबांच्या नावे असलेल्या आणि वीस वारसांत विभागलेल्या मिळकती येथेही आहेत. मुंबईत जे प्रश्न आज कोटींच्या भाषेत विचारले जातात, ते येथे उद्या लाखांच्या भाषेत विचारले जातील. सात-बारा, मालमत्ता पत्रक, नगरपरिषदेची नोंद, भाडेपावती हे कागद कोणाच्या नावे आहेत, याची चौकशी या दिवाळीला सारे कुटुंब एकत्र जमेल तेव्हा करून घ्यावी. वहीपूजनासाठी चोपड्या बाहेर निघतीलच. त्याच पाटावर ही कागदपत्रेही एकदा मांडावीत, आणि घरातील सुना-मुलींसह सर्वांनी ती वाचून पाहावीत.